मॉरिस ८ टूररच्या नोंदी, नागपूर: कागद, काच आणि झिरो माइलचा तिरपा फोटो

गाडी: मॉरिस ८, सिरीज १, टूरर (म्हणजे वरून उघडी, कापडी टपाची), १९३७ सालची. ९१८ सीसी, तीन गिअर, सहा व्होल्टची बॅटरी, ब्रेक मात्र हायड्रॉलिक. आजोबांची गाडी. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्याच्या पडवीत १९७४ पासून ताडपत्रीखाली उभी होती. कोणी असंच काम काढून राहिलं असेल तर माझ्या चुका कामी याव्यात म्हणून लिहितोय, त्यामुळे पैसे आणि वाया गेलेले दिवस जसेच्या तसे टाकले आहेत.

२१ जानेवारी २०२४

ताडपत्री काढली. खाली उंदरांची घरटी, सीटचा काथ्या सगळा बाहेर. पत्रा अंदाजापेक्षा बरा निघाला, दोन मडगार्ड आणि ड्रायव्हरच्या पायाखालची फळी तेवढी गेलेली. इंजिन जाम. गायब काय आहे: समोरच्या काचेची चौकट आणि तिचे दोन्ही खांब, एक हेडलाइट, टपाचं कापड. टपाच्या लोखंडी काड्या मात्र जागेवर आहेत, पुढचा लाकडी पट्टाही आहे, त्याला वाळवी नाही लागली हे विशेष.

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत रजिस्ट्रेशनचं जुनं पुस्तक सापडलं. ते हातात घेऊन मी अर्धा तास नुसता बसून होतो.

२७ जानेवारी

पुस्तक नीट वाचलं. पान जोरात उलटू नका, शिवण कुजलेली असते, मी पहिल्याच दिवशी एक पान फाडलं. आता प्रत्येक पानाचा फोटो काढून मगच हात लावतो.

गाडीनं नागपूर कधीच सोडलं नाही, पण पुस्तकात शिक्के चार राज्यांचे आहेत. पहिली नोंद मध्यप्रांत आणि वऱ्हाडातली, मग १९५० नंतर मध्य प्रदेश, कारण तेव्हा नागपूर त्याची राजधानी होती, मग १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो तो शिक्का, आणि १ मे १९६० नंतर महाराष्ट्र. कायदेही तीन झाले, १९१४ चा, १९३९ चा आणि आताचा १९८८ चा. विदर्भातली १९५० च्या आधीची कोणतीही गाडी घेत असाल तर हे चारही टप्पे पुस्तकात आहेत का ते घेण्याआधी पाहा. मधला एखादा शिक्का नसला तर पुढे प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न येतो.

४ फेब्रुवारी

नियम समजून घेतला. जुलै २०२१ पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांचा वेगळा भाग आलाय. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, म्हणजे चेसिस (खालचा सांगाडा), बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. अर्ज फॉर्म २० वर, सोबत विमा आणि जुनं पुस्तक, परदेशातून आणलेली गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढच्या वेळी ५,०००. नवा नंबर घेतला तर त्यात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

आमच्या घरात यावर चर्चासुद्धा झाली नाही. आजोबांचा नंबर जायचा नाही.

एक गोष्ट आधीच समजून घ्या, ही गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते.

१९ फेब्रुवारी

मोठी चूक. मिस्त्रीच्या पोऱ्यानं गंज काढायला ग्राइंडरला वायर ब्रश लावला आणि चेसिस नंबरावरूनही फिरवला. मी तिथंच उभा होतो, माझंच लक्ष नव्हतं. नंबरातला एक आकडा आता ३ वाटतो की ८ तेच कळत नाही, आणि तपासणीच्या वेळी पेन्सिल प्रिंट द्यावीच लागते.

दोन दिवस त्यातच गेले. शेवटी काय चाललं ते सांगतो: रॉकेलमध्ये बुडवलेला सुती कपडा रात्रभर त्यावर ठेवला, सकाळी दात घासायच्या ब्रशनं हलकं साफ केलं, मग अंधारात टॉर्च अगदी पत्र्याला टेकवून आडवी धरली. सावलीत खोलगट रेघा दिसल्या, आकडा ८ निघाला. पातळ कागद चिकटपट्टीनं ताणून बसवला आणि मऊ पेन्सिल आडवी घासली, चौथा प्रिंट साफ आला. त्याच्या पाच प्रती करून ठेवल्या. कामाला हात लावायच्या आधीच नंबरावर चिकटपट्टी लावून टाका.

९ मार्च

एका एजंटनं सांगितलं की १९५६ च्या आधीचं रेकॉर्ड सगळं भोपाळला गेलं, तिथून उतारा आणल्याशिवाय काही होत नाही. मी रजा टाकून भोपाळला जाऊन आलो. दोन दिवस, जाणं-येणं-राहणं मिळून ४,३०० रुपये. हाती काही लागलं नाही, आणि परत आल्यावर कळलं की लागतच नव्हतं, कारण जुन्या पुस्तकात १९६० नंतरची महाराष्ट्राची नोंद आहे तेवढी पुरते. आधी सगळ्या पानांच्या झेरॉक्स घेऊन स्वतः आरटीओच्या खिडकीवर विचारायला हवं होतं. एजंटचा ॲडव्हान्स २,००० होता, तोही सोडून दिला.

खरं अडलेलं काम वेगळंच निघालं. पुस्तकावर नाव आजोबांचं, म्हणजे आधी वारसाच्या नावावर करायचं, त्याला फॉर्म ३१. बाबा आता नाहीत, दोन काका आणि आत्या आहेत, एका चुलतभावाची सही पुण्याहून. सगळ्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, सगळ्यांचे आधार. कोणाचीच ना नव्हती, तरी सह्या गोळा व्हायला पाच आठवडे लागले. शिवाय एप्रिलमध्ये लोकसभेचं मतदान, अर्धा स्टाफ निवडणूक ड्युटीवर, ते धरूनच चला.

आजोबांनी १९७४ मध्ये गाडी बंद ठेवत असल्याचं पत्र दिलेलं, त्याची आवक शिक्क्याची प्रत त्याच ट्रंकेत मिळाली. थकलेल्या कराच्या वेळी या एका कागदानं सगळं सोपं केलं. जुन्या ट्रंकेतला कोणताच कागद रद्दीत टाकू नका, माझी कळकळीची विनंती.

२८ एप्रिल

इंजिन सुटलं. स्पार्क प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल अर्धं अर्धं ओतून तीन आठवडे ठेवलं, रोज हँडलवर थोडा थोडा जोर. हातोडी नाही वापरली. एक व्हॉल्व्ह चिकटलेला, तो बदलला.

वाड्याच्या अंगणातच चालवून पाहिलं, बारा मिनिटांत रेडिएटर उकळला. या इंजिनाला पाण्याचा पंपच नाही, तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि थंड झालेलं खाली उतरतं, त्यावरच सगळं चालतं. त्यामुळे नळ्यांत थोडा जरी क्षार बसला तरी पाणी फिरत नाही, आणि आमची गाडी आयुष्यभर विहिरीच्या पाण्यावर चाललेली. इतवारीतल्या कारागिराकडून रेडिएटर पूर्ण खोलून घेतला, ३,८०० रुपये. त्यानंतर चाळीस डिग्रीतही अर्धा तास चालली.

१२ मे

धरमपेठेत आत्याकडे गेलो होतो, तिच्या अल्बममध्ये गाडीचा फोटो निघाला! गाडी उजवीकडे पळतेय, टप खाली पाडलेला, आजोबा हॅट घालून, मागे झिरो माइलचा, म्हणजे नागपुरातल्या मैल मोजायच्या जुन्या खुणेचा, दगडी खांब. मागच्या बाजूला पेन्सिलीनं १९३८. आत्याचा जन्मही नव्हता तेव्हा. ती म्हणाली, "अरे, बाबांना गाडी पळवायची भारी हौस, फोटोवाल्याला मुद्दाम रस्त्यावर उभं केलं होतं म्हणे."

मला आनंद दुसऱ्याच कारणानं, काचेची चौकट त्यात स्पष्ट दिसतेय. खांबाचा आकार, जाडी, कोन, सगळं. स्कॅन करून ए४ वर मोठा प्रिंट काढला. फोटो सरळ आहे की नाही ते तपासायला चाक मोजलं, आडवं ४४ मिलिमीटर, उभं ४३. जवळपास गोलच आहे, म्हणजे फोटो बरोबर, असं धरलं. इथंच फसलो, पुढे सांगतो.

२ जून

कामठी रोडच्या वेल्डरकडून खांब आणि चौकट करून घेतली. फोटोत काच चार अंश पुढे झुकलेली दिसते. वेल्डर मिस्त्री म्हणाले, "भाऊ, काच पुढे झुकवून कोण बसवते जी? सरळ उभी असंन, तुमचा फोटोच वाकडा." मग सरळ उभी, नव्वद अंशात केली. पितळी पट्टी, वेल्डिंग, निकेल पॉलिश धरून ६,८०० रुपये. दिसायला फार सुंदर झाली होती.

१६ जून

टपवाला कुशनच्या मापासाठी आला. टपाच्या काड्या उघडल्या, पुढचा लाकडी पट्टा काचेच्या चौकटीवर टेकायला हवा, तो पोचतच नाही. आठ सेंटिमीटरची फट. आधी वाटलं काड्याच वाकल्या असतील. त्या वाकल्या नव्हत्या, दोन्ही बाजूंची मापं तंतोतंत सारखी. तरी एक काडी गरम करून ताणावी असं ठरत होतं, टपवाल्यानंच थांबवलं, म्हणाला मूळ वस्तूला हात लावू नका, नवीन जे बसवलं त्याच्यावर शंका घ्या. त्याचे मी आजही आभार मानतो, कारण त्या काड्या मूळ आहेत आणि मोडल्या असत्या तर दुसऱ्या मिळाल्या नसत्या.

७ जुलै

फोटो घेऊन सदरमधल्या एका जुन्या फोटोग्राफर काकांकडे गेलो, वय ऐंशीच्या पुढे, स्टुडिओ बंद करून वीस वर्षं झाली. त्यांनी फोटो पाह्यला आणि पहिलंच वाक्य: "चाक पाहा, आडवं-उभं नाही, कोनातून कोनात मोजा."

तिथंच पट्टी लावली. एका तिरप्या रेषेत ५० मिलिमीटर, दुसऱ्या तिरप्या रेषेत ३८. चाक लंबगोल होतं आणि त्याचा लांब भाग पुढच्या वरच्या कोपऱ्याकडे. मी आडवं आणि उभं मोजलं तिथं हा फरक दिसतच नाही.

काकांनी आतून एक लाकडी कॅमेरा आणला, त्यांच्या वडिलांचा. मागची काचपट्टीची चौकट काढून आत दाखवलं. प्लेटच्या, म्हणजे जिच्यावर फोटो उमटतो त्या काचेच्या, अगदी समोर काळ्या कापडाचा पडदा, दोन रुळांवर गुंडाळलेला, आणि त्या कापडात आडवी चीर, बोटभर रुंद. किल्ली फिरवून स्प्रिंग ताणली, खटका दाबला, चीर वरून खाली सर्रकन गेली. तेवढंच शटर. म्हणजे प्लेट एकदम उजळत नाही, चीर जिथं असेल तेवढाच पट्टा उजळतो, वरपासून खालपर्यंत जायला सेकंदाचा दहावा-बारावा भाग लागतो. प्लेटवर चित्र उलटं पडतं, म्हणून चीर वरून निघाली की आधी टायरचा खालचा भाग टिपला जातो, आणि काच, हॅट शेवटी. तोवर गाडी पुढे गेलेली. म्हणून गाडी जितकी वर तितकी पुढे सरकलेली येते. खांब जागचा हलत नाही, तो सरळच.

लेन्सच्या आतच पाकळ्यांचं शटर असलेल्या कॅमेऱ्यात असं होत नाही, असंही त्यांनी सांगितलं, पण वेगवान गाड्यांसाठी त्या काळी बरेच लोक हा पडद्याचाच कॅमेरा वापरत, कारण त्यात एक्सपोजर फार कमी वेळाचं मिळे. मग फ्रान्सच्या लार्तिग या फोटोग्राफरचा फोटो दाखवला, ग्रां प्री मोटार शर्यतीचा, १९१२ चा म्हणून छापला जातो. त्यात मागचं चाक अंड्यासारखं पुढे झुकलंय आणि रस्त्याकडेची माणसं उलट बाजूला कललेली आहेत, कारण त्यानं कॅमेरा गाडीबरोबर फिरवला, पण गाडीइतक्या वेगानं नाही. आपल्या फोटोत खांब सरळ आहे म्हणजे आपल्या फोटोवाल्यानं कॅमेरा स्थिर धरला होता. व्यंगचित्रात पळती गाडी पुढे झुकवून काढायची सवय अशाच फोटोंनी लावली, असं काकांचं म्हणणं.

परत येताना मेट्रोत बसलो आणि मोबाइल आडवा धरून खिडकीतून विजेचे खांब शूट केले, सगळे तिरपे! मोबाइलचा सेन्सरही ओळीओळीनं वाचतो. मोबाइल उभा धरला तर खांब सरळ येतात, फक्त जाडी बदलते. मला हे इतकं आवडलं की दोन स्टेशनं पुढे गेलो.

१४ जुलै

कॉम्प्युटरवर गिम्प या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये फोटो उघडला. त्यात चित्र तिरपं सरकवायचं एक टूल आहे, शिअर नावाचं. खालची कडा तशीच ठेवून वरचा भाग मागे मागे सरकवत गेलो, दर वेळी चाकाच्या दोन्ही तिरप्या रेषा मोजत, त्या दोन्ही ४४ वर आल्या तेव्हा थांबलो. साधारण १५ अंशांची सुधारणा झाली. आता चाक खरंच गोल, आणि झिरो माइलचा खांब मागे कललेला, तो तसाच असायला हवा.

आता काच मोजली, पुढे चार अंश झुकलेली होती ती मागे अकरा अंश झाली. चौकटीची उंची चाळीस सेंटिमीटर, अकरा अंशांनी वरची कडा मागे येते आठ सेंटिमीटर. बरोब्बर तीच फट.

चुकीचं माप पक्कं होऊ नये म्हणून अमरावतीच्या एका गृहस्थांकडे जाऊन आलो, त्यांच्याकडे याच मॉडेलची गाडी मूळ काचेसकट आहे. कोनमापक लावला, अकरा आणि बाराच्या मधे. त्यांनी चहा पाजला, आणि खांबाच्या पायाचा पुठ्ठ्याचा साचाही कापून दिला.

जुन्या फोटोवरून पार्ट करणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी पाहाव्यात. गाडी पळती आहे का, हे आऱ्यांवरून कळतं, टायर जमिनीला टेकतो तिथले आरे मोजता येतात आणि वरचे धुरकट होतात. आणि चाक चारही दिशांनी मोजा. गाडी उभी असतानाचा फोटो मिळाला तर तोच वापरा.

४ ऑगस्ट

दुसरी चौकट, ७,२०० रुपये. पहिलीची पितळी पट्टी थोडी कामी आली. टपाचा पट्टा चौकटीवर टेकला, दोन्ही खिट्या लागल्या, वेल्डर मिस्त्रींनी स्वतः तीनदा टप उघडबंद करून पाह्यला. काचेच्या कोनानं सात आठवडे आणि सगळं धरून साडेसात हजाराच्या वर खाल्ले.

३ सप्टेंबर

तान्हा पोळा. वाड्यातली पोरं लाकडी बैल घेऊन आली आणि सगळी गाडीतच बसली.

विम्याचा गुंता: ऑनलाइन पॉलिसी काढायला गेलं की नंबर सापडत नाही म्हणते, कारण १९७४ पासून बंद असलेली गाडी सरकारच्या वाहन पोर्टलवर नाहीच. पोर्टलवर आणायला बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद मागाहून भरून घेणं, लागते, आणि तिच्या अर्जाबरोबर विमा मागतात. तीन आठवडे मी या दोन टोकांत फिरत होतो. सुटलं ते असं: विमा ऑफलाइन काढला, चेसिस प्रिंट, जुन्या पुस्तकाची प्रत आणि गाडीचे फोटो देऊन, प्रतिनिधी वाड्यात येऊन पाहून गेला. किंमत दोघांनी ठरवून लिहिली. हे मी मार्चमध्येच करायला हवं होतं, बाकीचे कागद चालू असताना.

२७ सप्टेंबर

तपासणी झाली. अधिकाऱ्यांनी प्रिंट चेसिसवर ठेवून जुळवला, इंजिन नंबर पाह्यला, बॉडी मूळची आहे का विचारलं. काचेची चौकट नवीन आहे हे मी आपणहून सांगितलं, दोन्ही फोटो दाखवले, आधीचा आणि सरळ केलेला, अमरावतीची मापंही दिली. त्यांनी फोटो बराच वेळ पाह्यला आणि फाइलला प्रत लावायला सांगितली. चेसिस, बॉडी, इंजिन मूळ असल्यानं अडलं नाही. २०,००० ची पावती फाडली.

१२ ऑक्टोबर, दसरा

गाडी रस्त्यावर नाही काढली, कागद हातात नव्हते. पडवीतच पूजा केली, झेंडूचं तोरण नव्या चौकटीला बांधलं. आत्या आली होती. तिनं काचेच्या वरच्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाली, लहानपणी इथंच धरून उभी राहायची मी. हात बरोबर बसला तिचा.

१९ नोव्हेंबर

आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, आली, जुन्याच नंबरावर. वारसाच्या अर्जापासून मोजलं तर आठ महिने.

राहिलेलं काम: हॉर्न वाजत नाही, दुसरा हेडलाइट मिळालेला नाही, १७ इंची टायर सध्या जुनेच आहेत आणि त्यांना चिरा आहेत, ते बदलल्याशिवाय रॅलीला नेणार नाही. पेट्रोल पंपापर्यंत एकदा जाऊन आलो, आत्याला शेजारी बसवून.

खांबाच्या पायाचा पुठ्ठ्याचा साचा माझ्याकडे आहे. मॉरिस ८ टूररचं काम कोणी करत असेल तर वाड्यावर येऊन उतरवून घ्या, साचा मात्र इथंच राहू द्या.